पाचवीच्या सुमारास

बाळंतपणातली एक जखम बाळंतपणाच्या दिवशी दिसतच नाही. बाळ अडतं, डोकं वाटेत घट्ट बसतं. मग प्रत्येक कळेला आईचं मूत्राशय त्या डोक्याच्या आणि ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या मध्ये चेपलं जातं. तासन्‌तास असं चाललं की तिथलं रक्त थांबतं. पुढे सुटका होते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण रक्तावाचून राहिलेला तेवढा भाग आतल्या आत मरत असतो. तो गळून पडायला साधारण तीन ते दहा दिवस लागतात. घरात पाचवी पुजली जाते, बारशाचं बोलणं निघतं आणि नेमकं तेव्हाच मूत्राशयातून योनिमार्गात भोक पडून लघवी झिरपू लागते. जागेपणी, झोपेत, सतत. डॉक्टर याला फिस्टुला म्हणतात. इजिप्तमधल्या हेनहेनित या सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या राजस्त्रीच्या ममीतही हे भोक सापडलं आहे.

नवल पुढेच आहे. भोक लहान आणि ताजं असेल, तर काही वेळा शस्त्रक्रिया लागतच नाही. लघवीची नळी घालून मूत्राशय चारेक आठवडे रिकामं ठेवायचं, बाईने भरपूर पाणी प्यायचं. ताण उरला नाही की जखमेच्या कडा आपोआप जुळून येतात. दिवस निघून गेले, तर मात्र शस्त्रक्रिया. तीही सरावलेल्या हातांनी केली तर बहुतेकींची गळती थांबते.

म्हणजे पहिले काही दिवस सोन्याचे, आणि त्या दिवसांत बाळंतीण असते घरात. तिला विचारणार कोण?

याचं उत्तर शोधायला गडचिरोलीकडे बघू. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. आज देशभर आशाताई बाळ बघायला घरी येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हे दिवस ठरले बाळासाठी, पण पहिले दोन फिस्टुला उघडा पडण्याच्याच काळात येतात! “कपडे ओले होतात का?” एवढं तिने विचारलं तरी पुरे.

आपणहून बाई सांगत नाही. याच बंग दांपत्याने गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ हे आपलं लाडकं वाक्य मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. शी किंवा वारा धरून ठेवता न येणं, टाक्यांतून पू येणं, अंग बाहेर येणं, यातलं काहीही मुकाट्याने सोसायचं नसतं. मागपर्यंत फाटलेले स्नायू शिवता येतात. अंग बाहेर येत असेल तर व्यायाम, आत बसवायची रिंग आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया असे उपाय आहेत.

फिस्टुला बरा झालेल्या बाईचं पुढचं बाळंतपण मात्र घरी करू नये. ते रुग्णालयातच, आणि सहसा सिझेरियनने. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे.