घरगुती नेटवर्क स्टोरेजमधील डिस्क फॉरमॅटिंगच्या अडचणी

नेटवर्क स्टोरेजमध्ये ३ टेराबाइटची डिस्क बसवूनही पूर्ण क्षमता दिसत नसल्यास पुनःपुन्हा फॉरमॅट करण्याऐवजी प्रथम दिसणारा आकडा पाहावा. निदान त्यातच असते. एमबीआर या जुन्या विभाजन-पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. सेक्टर ५१२ बाइटचा धरल्यास ही मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट होते. तेवढीच जागा मिळत असेल तर जीपीटी पद्धतीने पुन्हा विभाजन करावे; मात्र त्यात जुनी माहिती पुसली जाऊ शकते. याउलट केवळ ७४६ गिगाबाइट दिसत असल्यास यंत्राच्या कंट्रोलरची मोजणीच ३२ बिटांवर संपून उरलेला भाग तेवढा दिसत असतो. तेथे फॉरमॅटिंग निरुपयोगी होय. फर्मवेअर अद्ययावत करावे किंवा यंत्र बदलावे.

खरा धोका निराळाच आहे. अशा यंत्रातील डिस्क बहुधा लिनक्सच्या ईएक्सटी-४ सारख्या फाइल-प्रणालीत असते. ती काढून विंडोजच्या संगणकास जोडल्यास, ओळख न पटल्याने, विंडोज फॉरमॅट करण्याविषयी विचारते. हा प्रश्न म्हणजे डिस्क बिघडल्याचा पुरावा नव्हे. नकार द्यावा आणि लिनक्सवर केवळ वाचनासाठी डिस्क उघडून माहितीची प्रत काढावी.