शुगर आहे, मग विमा मिळेल का?

आपल्याकडे शुगर निघाली की पहिल्या आठवड्यातच चहातली साखर बंद होते. विम्याचा विचार मात्र बहुतेक घरांत पायाची जखम चिघळल्यावर किंवा छातीत कळ आल्यावर सुरू होतो. तोवर विकतच्या विम्याला उशीर झालेला असतो. मधुमेहाच्या रुग्णाला विमा मिळतो, सरकारी योजनेतूनही आणि कंपनीकडूनही. कुठे आधी जायचं आणि अर्जावर काय लिहायचं, यावर पुढचं बरंच ठरतं.

आधी रेशन कार्ड काढा

एजंटाला फोन लावण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहा. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड लागायचं. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला आणि त्या यादीत आपला बुलढाणा जिल्हा होताच. जुलै २०२४ पासून कार्डाच्या रंगाचा प्रश्नच उरलेला नाही. राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेत आहेत. तरीही "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं मिळायला" असं म्हणत उधार-उसनवारीची तयारी करणारे नातेवाईक दवाखान्यांच्या ओसरीत अजून भेटतात.

मधुमेही माणसासाठी या योजनेची सर्वांत मोठी गोष्ट अशी की तिथे जुन्या आजारासाठी थांबायला लावत नाहीत. शुगर वीस वर्षांची असली तरी अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस अशा यादीतल्या उपचारांना पहिल्या दिवसापासून पात्रता असते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचंही तसंच आहे. आयुष्मानच्या लाभार्थी यादीत नाव असेल तर कार्ड राज्याबाहेरही चालतं. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या माणसाला त्याचा अर्थ बऱ्हाणपूर असा होतो, अर्थात तिथलं रुग्णालय योजनेत असलं तर.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. खासगी पॉलिसी असली तरी ते काढता येतं.

खरी गफलत होते ती रुग्णालय निवडताना. "योजनेत आहात का?" एवढं विचारून भागत नाही, कारण रुग्णालयाला मान्यता विषयवार मिळते. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. मेहकर-लोणारहून छत्रपती संभाजीनगर किंवा खामगाव-शेगावहून अकोला गाठायचं ठरलं, तर गाडी करण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर त्या आजाराचं नाव सांगून विचारा. पोचल्यावर पहिली गाठ तिथल्या योजनेच्या मदतनीसाची, म्हणजे आरोग्यमित्राची घ्या. रेशन कार्ड आणि ओळखपत्र भरती होतानाच द्यायचं. घरी सोडतात त्या दिवशी पिशवीतून काढलेल्या कार्डाचा उपयोग होत नाही.

रोजच्या गोळ्या

रोजच्या गोळ्या फुले योजनेत बसत नाहीत आणि बहुतेक पॉलिसींतही नाहीत. दोन्हींचा भर भरती होण्यावर आहे. गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा खामगावचं सामान्य रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. बाहेरून घ्यायच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र गाठलेलं बरं.

विकतची पॉलिसी

कारखान्यात नोकरी असेल आणि ईएसआयसी लागू असेल (पगार महिना २१ हजारांपर्यंत), तर तिथेही जुन्या आजाराची आडकाठी नाही. बाकीच्यांना बाजारात उतरावं लागतं.

एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जुन्या आजारासाठी थांबायला लावण्याचा काळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाही, हे बंधनही गेलं. म्हणजे ४५ व्या वर्षी शुगर निघाली आणि त्याच वर्षी पॉलिसी घेतली, तर ४८ व्या वर्षापासून शुगरमुळे होणाऱ्या भरतीचा खर्च मागता येतो. अपघात, डेंग्यू, अपेंडिक्स यांचा शुगरशी संबंध नाही. त्यांना आपापले नेहमीचे नियम.

काही पॉलिसी खास मधुमेहींसाठीच असतात. स्टार हेल्थच्या 'डायबेटिस सेफ'मध्ये तपासणी करून घेणाऱ्याला मधुमेहाच्या गुंतागुंतींसाठी थांबावं लागत नाही. अशा पॉलिसींचा हप्ता चढा असतो. साध्या पॉलिसीतही तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी पाहून कंपनी हप्ता वाढवून मागू शकते किंवा नकारही देऊ शकते. एकीने नाकारलं म्हणून सगळ्या नाकारतात असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा दिलासा.

हप्त्याइतकंच लक्ष मर्यादांकडे द्या. सर्व कंपन्यांना विकावी लागणारी 'आरोग्य संजीवनी' स्वस्त आहे, पण तिच्यात ५ टक्के खर्च आपल्या खिशातून जातो आणि खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, तेही दिवसाला ५ हजारांपर्यंतच. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की नुसता भाड्याचाच फरक पडत नाही, त्या प्रमाणात बाकीच्या बिलातूनही रक्कम कापली जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही ४० हजारांच्या आत बसवावी लागते. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून हे आधीच पाहून ठेवावं.

अर्जावरचा रकाना

"शुगर-बीपी 'नाही' लिहा, पॉलिसी लगेच निघते," असं सांगणारा एजंट पॉलिसी खरंच लगेच काढून देतो. भोगावं लागतं पुढे, तेही केसपेपरवर. भरती करताना डॉक्टर विचारतात, शुगर कधीपासून? घाबरलेली बायको सांगून मोकळी होते, "झाली असतील दहाएक वर्षं." ते जसंच्या तसं लिहिलं जातं आणि कंपनी कागदपत्रं मागवते तेव्हा तीच ओळ आधी वाचते. पॉलिसी चार वर्षांची, शुगर दहा वर्षांची, दावा नामंजूर. शुगर निघाल्याची तारीख आणि पहिला रिपोर्ट घरातल्या दोघांना तरी ठाऊक हवा. अंदाजाने सांगितलेलं वर्ष खरं बोलणाऱ्यालाही गोत्यात आणतं.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की सगळं उलगडतं. २००९ च्या प्रकरणात रुग्णाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार अर्जात सांगितलाच नव्हता. न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. २०२१ च्या प्रकरणात अमेरिकेला निघालेल्या माणसाने मधुमेह सांगितला होता आणि कंपनीने त्याची तपासणीही केली होती. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर त्याला त्रास सुरू झाला, पुढे तीन स्टेंट बसले. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगितल्या नाहीत, असं म्हणत कंपनीने पैसे अडवले. न्यायालयाने तिचं म्हणणं फेटाळलं.

सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर "माहिती दडवली" म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच तो नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. म्हणून हप्ता चुकवू नका आणि कंपनी बदलायची झाली तर पॉलिसी पोर्ट करून घ्या, म्हणजे थांबलेली वर्षं वाया जात नाहीत.

दावा नाकारला तर

नकाराचं कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपला जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. सुनावणी व्हिडिओवरही होते, तेव्हा सिंदखेडराजाहून पुण्याचा हेलपाटा मारायचीही गरज पडत नाही.