चार विसा नि पाच : मराठीतून फ्रेंच शिकताना

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या आजीला शंभरापर्यंत मोजता येत नाही, अशी आम्हां भावंडांची लहानपणी पक्की समजूत होती. ती गोवऱ्या मोजायची त्या वीस-वीसच्या राशी घालून. "चार विसा नि पाच झाल्या गं," असे ती म्हणाली की आम्ही हसायचो आणि शाळेत शिकलेल्या तोऱ्यात सांगायचो, "आजी, पंच्याऐंशी म्हण." ती म्हणायची, "मग मी काय निराळं म्हणले?"

गेल्या वर्षी फ्रेंचच्या वर्गात संख्यांचा धडा आला. साठीपर्यंत सर्वांचे सुरळीत चालले होते. पुढे गाडी अडली. सत्तरला फ्रेंच माणूस 'स्वासाँत-दीस' म्हणतो, म्हणजे साठ नि दहा. ऐंशीला तर फ्रान्समध्ये वेगळा शब्दच वापरत नाहीत. 'कात्र' म्हणजे चार, 'व्हँ' म्हणजे वीस. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार विसा. पंच्याऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ-सँक', चार विसा नि पाच! वर्गातली बरीच मुले कपाळाला हात लावून बसली. मला मात्र अंगणातल्या गोवऱ्यांच्या राशी दिसू लागल्या. ज्या मोजणीला आम्ही अडाणी म्हणून हसलो, तीच मोजणी पॅरिसमध्ये शिकलीसवरलेली माणसे रोज करतात, हे त्या दिवशी कळले.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. (फ्रेंच शब्द येथे उच्चारानुसार नागरीत दिले आहेत. त्यांत जेथे चंद्रबिंदू आहे तेथे स्वर नाकातून काढावयाचा, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.)

एक चुकीचा समज

जादा भाषा म्हणून फ्रेंच घ्यावी की नाही, हा विचार करताना मराठी माध्यमातून आलेली आमच्यासारखी मुले बहुधा मागे सरतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. "इंग्रजीचे अजून वांधे आहेत, नि फ्रेंच कशाला?" हा प्रश्न मलाही पुष्कळांनी विचारला. या प्रश्नामागे एक समज दडलेला असतो. इंग्रजी हा खालचा मजला आणि फ्रेंच हा त्यावरचा. खालचा मजला पक्का असल्याशिवाय वर जाता येत नाही, असा तो समज.

दीड वर्षाच्या अनुभवानंतर मला असे वाटते की, हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. शब्दांच्या बाबतीत इंग्रजीची मदत होते, हे खरे. कारण इंग्रजीने शेकडो वर्षे फ्रेंचमधून शब्द उचलले आहेत. परंतु भाषेचा सांगाडा, म्हणजे तिचे व्याकरण, पाहू गेल्यास कित्येक ठिकाणी फ्रेंच ही इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ येऊन उभी राहते. काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

अहो-जाहो आणि अरे-तुरे

इंग्रजीत राजालाही तेच सर्वनाम आणि कुत्र्यालाही तेच. फ्रेंचमध्ये मात्र 'त्यु' म्हणजे तू आणि 'व्हू' म्हणजे तुम्ही. 'व्हू' हे अनेकवचनी आहे आणि आदरार्थीही, अगदी आपल्या 'तुम्ही'सारखे. एवढेच नव्हे, तर 'अरे-तुरे करणे' व 'अहो-जाहो करणे' यांसाठी फ्रेंचमध्ये 'त्युत्वाये' आणि 'व्हूव्वाये' अशी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. इंग्रजीतून हा फरक समजावून सांगताना पाठ्यपुस्तकाला अर्धे पान खर्च करावे लागते. आपल्याला तो एका वाक्यात कळतो.

अर्थात कोणाला काय म्हणावयाचे याचे रिवाज निराळे आहेत. आपल्याकडे कितीतरी घरांत आई 'तू' असते आणि वडील 'तुम्ही'. फ्रान्समध्ये आता सर्वसाधारणपणे दोघेही 'त्यु' असतात. आपण विठोबाला 'तू' म्हणतो. फ्रेंच कॅथलिकांच्या मुख्य प्रार्थनेत मात्र पूर्वी देवाला 'व्हू' म्हणत. तेथे 'त्यु' आले ते १९६६ साली.

तो, ती आणि ते

फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते हे ऐकल्यावर इंग्रजीच्या वाटेने येणारा विद्यार्थी घाबरतो. टेबल स्त्रीलिंगी कसे, हा त्याचा पहिला प्रश्न. मराठी मुलाला असा प्रश्न पडू नये. आपल्याकडे बस 'ती' आहे आणि टेबल 'ते' आहे. हे कोणत्या नियमाने ठरले ते आपण कधी विचारले नाही. उलट आपल्याला तीन लिंगांची सवय असल्यामुळे फ्रेंचची दोन लिंगे म्हणजे एकाने ओझे कमीच. विशेषण नामाप्रमाणे बदलते हेही नवे नाही. 'मोठा' व 'मोठी' यांप्रमाणे तेथे 'ग्राँ' व 'ग्राँद'.

मात्र येथे एक धोका आहे. लिंग असते ही कल्पना ओळखीची असली, तरी कोणत्या नामाचे कोणते, हे जुळत नाही. नदी दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे. पण आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'मँ' स्त्रीलिंगी. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची 'ल्यून' स्त्रीलिंगी. यावर उपाय एकच. नाम एकटे पाठ न करता 'ल' किंवा 'ला' या उपपदासह पाठ करावे. शेपटावरून काही नामे ओळखूही येतात. 'सियाँ' असा शेवट असणारी 'नासियाँ'सारखी नामे जवळजवळ नेहमी स्त्रीलिंगी असतात आणि 'माँ' असा शेवट असणारी बहुतेक पुल्लिंगी.

मी लिहिलेली चिठ्ठी

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते भूतकाळाचे. फ्रेंच व्याकरणातील अवघड म्हणून प्रसिद्ध असलेला नियम असा : 'असणे' या सहायक क्रियापदाने भूतकाळ होत असेल, तर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते, 'जवळ असणे' या सहायक क्रियापदाने होत असेल, तर ते कर्माप्रमाणे बदलते, पण कर्म आधी आले असेल तरच.

हा नियम प्रथम वाचला तेव्हा डोके गरगरले. मग शाळेतले प्रयोग आठवले. 'तो गेला, ती गेली' हा कर्तरी प्रयोग. 'मी शब्द लिहिला, मी चिठ्ठी लिहिली' हा कर्मणी प्रयोग. लिहिणारी मी एकच, पण क्रियापद वळते ते शब्दाकडे किंवा चिठ्ठीकडे पाहून. फ्रेंचमध्ये 'मी लिहिलेला शब्द' याला 'ल मो क झे एक्री' आणि 'मी लिहिलेली चिठ्ठी' याला 'ला लेत्र क झे एक्रीत' असे म्हणतात. शेवटचा 'त' हा चिठ्ठीच्या स्त्रीलिंगाचा. आपण 'लिहिलेला' आणि 'लिहिलेली' यांत जो भेद करतो, तोच हा भेद.

हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. संस्कृतातील 'मया पत्रं लिखितम्' यासारख्या रचनेतून आपला भूतकाळ घडला. लॅटिनमधील 'माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे' अशा रचनेतून फ्रेंचांचा घडला. दोन्हीकडे मूळ रूप हे लिहिल्या गेलेल्या वस्तूचे विशेषण होते, आणि विशेषण नामाप्रमाणे बदलणारच. फरक इतकाच की, कर्म मागून आले तर फ्रेंचमध्ये हा बदल होत नाही.

वाक्यरचनेतही अशी गंमत आहे. 'हे पुस्तक मला आवडते' याला फ्रेंचमध्ये 'स लीव्र म प्ले' म्हणतात. 'स' म्हणजे हे, 'लीव्र' पुस्तक, 'म' मला, 'प्ले' आवडते. शब्दाखाली शब्द लिहीत जावे, तेवढ्यात भाषांतर पूर्ण! पण कर्म हे नाम असेल तर ते क्रियापदानंतर जाते, हे विसरता कामा नये. हा सांधा सर्वत्र जुळेल असे समजून चालणारा तोंडघशी पडतो.

जिभेची शाळा

उच्चारांत आपल्याला लाभ आहे तसा तोटाही आहे. फ्रेंचचे त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. टेबलाला ते 'ताब्ल' म्हणतात. त्यांच्या प, त, क मध्ये ह-काराची फुंकर नसते. तेव्हा इंग्रजी वळणाने ट-ड न करता मराठी जीभ तशीच वापरावी.

तोटा दोन ठिकाणी आहे. एक त्यांचा र. तो जिभेच्या टोकाने न काढता घशातून, गुळण्या करताना होतो तसा खरखरीत काढावा लागतो. दुसरा 'यु' सारखा लिहिलेला स्वर. तो यु नव्हे आणि उही नव्हे. जीभ 'ई'ची ठेवावी आणि ओठांचा चंबू 'ऊ'चा करावा, म्हणजे तो निघतो. येथे आळस करून चालत नाही. 'दस्यु' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. एका स्वराच्या चुकीने वरची वस्तू खाली जाते.

शिवाय न उच्चारली जाणारी अक्षरे. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' या तिन्हींतील क्रियापद ऐकताना 'पार्ल' असेच येते; लिहिताना मात्र तीन निरनिराळे शेवट करावे लागतात. आपण याला नावे ठेवू नयेत. आपल्याकडेही 'नांव', 'घरांत' असे अनुच्चारित अनुस्वार छापले जात होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. फ्रेंचांनी आपले बहुतेक ठेवले, एवढेच.

इंग्रजीची भूल

उलटपक्षी, इंग्रजीवर फार विसंबल्याने फसगत होते. फ्रेंच 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. 'दमाँदे' म्हणजे मागणी रेटणे नव्हे, साधे विचारणे. 'साँसीब्ल' म्हणजे समंजस नव्हे, तर हळवा. अशा शब्दांचा अर्थ वहीत थेट मराठीत लिहिला की चूक होत नाही. कोश व व्याकरणे बहुतेक इंग्रजीतून असल्याने इंग्रजी अजिबात टाळता येत नाही, हे मान्य. पण समोरच्या रकान्यात मराठी लिहिण्यास कोणी अडविलेले नाही.

थेट मराठीकडे पाहिले की जुनी नातीही सापडतात. संस्कृतात 'नव' म्हणजे नऊ आणि नवीनही; नवरात्र आणि नववर्ष हे शब्द आपण रोज वापरतो. फ्रेंच 'नफ'चेही अर्थ तेच दोन, नऊ आणि नवाकोरा. 'दाँ' म्हणजे दात, 'झनू' म्हणजे गुडघा, आपले संस्कृत जानु. एका आदिम भाषाकुलाच्या या दोन दूरच्या बहिणी आहेत.

कशासाठी शिकावयाचे?

फ्रेंच ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक. ती येणारे लोक जगात तीस कोटींहून अधिक आहेत आणि त्यांतील निम्म्याहून जास्त आफ्रिकेत राहतात. नोकरीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहेच. परंतु मराठीच्या विद्यार्थ्याला आणखी एक जवळचे कारण आहे. आपल्या मराठी भाषेचा पहिला सविस्तर शास्त्रीय इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला गेला. ज्यूल ब्लॉक यांचा तो ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, आणि डॉ. वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली त्याचे मराठी भाषांतर केले. तुकोबांच्या अभंगांचा गी दलरी यांनी केलेला फ्रेंच अनुवाद १९५६ साली निघाला. पुण्यात स्थायिक झालेले गी पॉयत्व्हँ यांनी हेमा राईरकर यांच्यासह खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. परक्या मुलखातील माणसांना आपल्या आज्यांच्या ओव्या मोलाच्या वाटल्या. आम्ही मात्र आजीच्या विसांना हसत होतो.

विसांचे फ्रेंचमध्ये पूर्वी याहूनही अधिक चलन होते. पॅरिसमध्ये 'पंधरा विसा' या नावाचे डोळ्यांचे रुग्णालय आजही आहे. नववा लुई या राजाने तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी ते स्थापन केले, म्हणून हे नाव. बेल्जियममध्ये व स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वद यांसाठी 'सेप्ताँत', 'नोनाँत' असे सुटसुटीत शब्द आहेत; फ्रान्सने मात्र आपली जुनी मोजणी सोडली नाही. आपल्याकडे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचने आली तेव्हा मोठा वाद झाला होता. एकच संख्या अनेक रीतींनी म्हणता येते आणि त्यांपैकी कोणतीही अडाणी नसते, एवढे तरी त्या वादातून व फ्रेंचमधून शिकण्यासारखे आहे.

असो. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन, दहा नामे उपपदांसह आणि एक क्रियापद सर्व रूपांत, एवढा नेम ठेवला तर फ्रेंच येऊ लागते. मला अजून पुष्कळ यावयाचे आहे. माझा र तर अजून घशात जाण्याऐवजी जिभेवरच घुटमळतो. पण पुढील वर्षी जादा भाषेचा अर्ज भरताना जे मित्र-मैत्रिणी 'आपले इंग्रजी कच्चे आहे' म्हणून थबकतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की आपले मराठी पक्के आहे ना, ते पाहा.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा आजीला सांगितले, "फ्रान्सची माणसं तुझ्यासारखंच चार विसा म्हणतात." ती सुपातले तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मग त्यांना कोण हसतं का गं?"