इराकच्या राज्यघटनेतल्या एका शब्दामुळं तेलाचा कायदा २००७ पासून लटकलाय, आणि त्याची किंमत शाळामास्तर मोजतायत

२५ मार्च २०२३. उत्तर इराकमधून तुर्कीच्या जेहान बंदराकडं जाणारी तेलाची पाईपलाईन बंद पडली. रोजचं साधारण साडेचार लाख बॅरल तेल जागेवर थांबलं.

आता इराक म्हटलं की आपल्या डोक्यात बॉम्बच येतो. पण इथं बॉम्ब नव्हता, दहशतवादीही नव्हते. पॅरिसच्या लवादात इराकनं तुर्कीविरुद्धची केस जिंकली होती. आमच्या केंद्र सरकारला न विचारता तुम्ही कुर्दिस्तानचं तेल परस्पर बाहेर जाऊ दिलं, अशी इराकची तक्रार. लवादानं तुर्कीला साधारण दीड अब्ज डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं आणि तुर्कीनं नळच बंद केला.

म्हणजे इराक केस जिंकला आणि स्वतःचंच तेल विकता येईना. ही पाईपलाईन पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. अडीच वर्षं!

असं का झालं, तर इराककडं तेलाचा कायदाच नाही. ज्या देशाच्या सरकारी उत्पन्नातला ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा तेलातून येतो, त्या देशात तेल कुणाचं, करार कुणी करायचा, पैसे कुणी वाटायचे हे सांगणारा कायदा २००७ पासून नुसता मसुदा म्हणून पडून आहे.

आधी नकाशा समजून घेऊ. इराकचं बहुतांश तेल दक्षिणेत, बसरा आणि आसपास. तिथं शिया अरब बहुसंख्य. दुसरा मोठा साठा उत्तरेत किर्कूकला, ज्यावर कुर्द, अरब आणि तुर्कमेन तिघंही हक्क सांगतात. आणि पश्चिमेकडं, जिथं सुन्नी अरब राहतात, तिथं हाताशी असलेलं तेल फारच कमी. त्यामुळं तेलावरचं भांडण कितीही तांत्रिक वाटलं तरी ते फिरून जातीपंथावर येतंच.

त्यात जुन्या जखमा. किर्कूकजवळ बाबा गुरगुरला १९२७ मध्ये तेलाचा फवारा उडाला, तेव्हा हक्क होते त्या कंपनीकडं, जिचं नाव पुढं इराक पेट्रोलियम कंपनी झालं. नावात इराक, मालक ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन. (हा मुलूख ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात जिंकला तो हिंदी सैन्याच्या जोरावर. कूतच्या वेढ्यात अडकलेल्यांत आपल्या मराठा पलटणी पण होत्या.) १९६१ साली अब्दुल करीम कासिम यांच्या सरकारनं ८० नंबरचा कायदा करून कंपनीकडची ९९ टक्क्यांहून जास्त जमीन काढून घेतली आणि १९७२ मध्ये कंपनीचं राष्ट्रीयीकरणच झालं. ‘तेल परक्याच्या हातात जाऊ द्यायचं नाही’ ही गोष्ट इराकी माणसाच्या रक्तात आहे ती तेव्हापासून.

कुर्दांची जखम वेगळी. तेलाचा पैसा बगदादच्या हातात एकवटला की काय होतं हे त्यांनी सद्दामच्या काळात भोगलंय. १६ मार्च १९८८ ला हलब्जा गावावर विषारी वायू सोडला गेला, त्यात सुमारे पाच हजार माणसं मेली. त्यामुळं पैशाची चावी बगदादकडं द्यायची म्हटलं की कुर्दांच्या पोटात गोळा येतो. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण हा इतिहास बाजूला ठेवून देता येत नाही.

२००३ मध्ये सद्दाम गेला. २००५ मध्ये घाईघाईत नवी राज्यघटना आली आणि मेख तिथंच मारून ठेवली गेली.

कलम १११ म्हणतं, तेल आणि वायू सगळ्या इराकी जनतेच्या मालकीचे. छान. पुढचं कलम ११२ म्हणतं, ‘सध्याच्या’ तेलक्षेत्रांचा कारभार केंद्र सरकार संबंधित प्रांत आणि प्रदेशांना सोबत घेऊन करेल. हा ‘सध्याच्या’ शब्दच सगळ्या भांडणाचं मूळ. कुर्दांनी अर्थ काढला, की २००५ मध्ये जी क्षेत्रं चालू होती तेवढीच केंद्राची, नवीन सापडेल ते आमचं. बगदादनं अर्थ काढला, की तेल सगळ्या जनतेचं म्हटल्यावर जुनं काय आणि नवीन काय. भरीस भर म्हणजे केंद्राच्या खास अधिकारांच्या यादीत तेलाचं नावच नाही, आणि जे त्या यादीत नाही ते प्रदेशांचं असंही घटना सांगते.

शब्द चुकून राहिला नव्हता. तेव्हा नेमकं लिहायला बसले असते तर घटनाच झाली नसती. म्हणून सगळ्यांना आपापल्या सोयीचा अर्थ काढता येईल असं लिहिलं आणि खरं भांडण पुढच्या कायद्यावर ढकललं. तरीही सुन्नी भागातून कडाडून विरोध झालाच. तीन प्रांतांत दोन तृतीयांश ‘नको’ मतं पडली असती तर घटना बाद होणार होती. अनबार आणि सलाहुद्दीननं तो आकडा गाठला, निनवेला कमी पडला.

आपल्याकडं हा प्रश्न घटनाकारांनी एका ओळीत संपवला. तेलक्षेत्रांचं नियमन केंद्र सूचीत आहे, जमिनीवरच्या तेलासाठी राज्याला रॉयल्टी मिळते, समुद्रातलं तेल केंद्राचं. म्हणून ‘मुंबई हाय’च्या नावात मुंबई असली तरी त्या तेलावर महाराष्ट्राची मालकी नाही. हे पटो न पटो, निदान स्पष्ट आहे.

इराकचा कायदा फेब्रुवारी २००७ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केला. आता संसदेत जाणार आणि पास होणार असंच चित्र होतं. पण घोळ झाला तो वेळेचा. एकच महिना आधी जॉर्ज बुश यांनी इराकमध्ये जादा सैन्य पाठवायची घोषणा केली होती, आणि त्या भाषणात इराकनं तेलाच्या उत्पन्नाच्या वाटपाचा कायदा करावा ही अपेक्षा पण सांगून टाकली. पुढं अमेरिकी संसदेनं इराकची प्रगती मोजायला जी यादी केली त्यात हा कायदा होता. झालं! इराकी माणसाच्या लेखी हा कायदा त्या दिवसापासून अमेरिकेचा झाला.

विरोध कुठून कुठून आला बघा. बसराचे तेल कामगार संपावर गेले. (सरकारी क्षेत्रात युनियनला बंदी घालणारा सद्दामचा १९८७ चा कायदा तेव्हाही चालूच होता. सद्दामचं बाकी सगळं पाडलं, तो कायदा मात्र सोयीचा होता.) परकीय कंपन्यांना तेलात वाटा मिळेल म्हणून राष्ट्रवादी चिडले. देशाचे तुकडे पडतील म्हणून सुन्नी नेते घाबरले. आणि सगळी मोठी क्षेत्रं बगदादकडं जातायत म्हणून कुर्द अडून बसले. विरोध करणाऱ्यांची कारणं एकमेकांच्या नेमकी उलटी, पण मत एकच.

इथं करारांचा फरक कळला पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

समजा तुमचं कापसाचं रान आहे. एक पद्धत म्हणजे वेचणीला माणसं लावायची आणि किलोमागं ठरलेले पैसे द्यायचे. भाव पडला काय, वाढला काय, वेचणाऱ्याला ठरलेलंच मिळतं, कापूस तुमचा. दुसरी पद्धत म्हणजे बटईनं रान द्यायचं. खर्च आणि जोखीम समोरच्याची, पण पिकात त्याचा वाटा. तेलात पहिल्याला सेवा करार म्हणतात, दुसऱ्याला उत्पादन वाटणी करार.

बगदादनं पहिली पद्धत धरली. जून २००९ मध्ये टीव्हीवर थेट प्रक्षेपण करून लिलाव झाला. रुमैला या अवाढव्य क्षेत्रासाठी बीपी आणि चीनची सीएनपीसी यांनी बॅरलमागं ३.९९ डॉलर मागितले होते, सरकारनं सांगितलं दोन डॉलर, आणि त्यांनी ते मान्य केलं. त्या दिवशी तेवढं एकच क्षेत्र गेलं, बाकी कंपन्या हात हलवत परतल्या.

कुर्दिस्ताननं बगदादची वाट न बघता ऑगस्ट २००७ मध्येच स्वतःचा तेल कायदा करून टाकला आणि बटईचे करार वाटायला सुरुवात केली. इथं आपल्या मुंबईचा धागा आहे. रिलायन्सनं कुर्दिस्तानात रोवी आणि सरता असे दोन ब्लॉक घेतले होते. २०१२ मध्ये त्यातला ८० टक्के हिस्सा अमेरिकेच्या शेव्हरॉनला विकला, आणि बगदादनं लगोलग शेव्हरॉनला काळ्या यादीत टाकलं. एक्सॉननं त्याच्या आदल्याच वर्षी कुर्दांशी करार केला होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या एका देशात येऊन दोन सरकारांपैकी एकाची निवड करत होत्या.

२०१४ च्या सुरुवातीला बगदादनं कुर्दिस्तानच्या बजेटचे पैसे रोखले. कुर्दांनी मे महिन्यात जेहानहून स्वतः तेल विकायला काढलं. त्यांचा एक टँकर टेक्साससमोर समुद्रात उभा राहिला, कारण बगदादनं अमेरिकी कोर्टात ‘हा माल चोरीचा’ म्हणून दावा ठोकला होता. जूनमध्ये आयसिसनं मोसुल घेतलं, इराकी फौज पळाली आणि कुर्दांनी किर्कूक ताब्यात घेतलं. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं, ९० टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले, आणि तीन आठवड्यांत इराकी सैन्यानं किर्कूक परत घेतलं. स्वतंत्र देश चालवायचा हिशोब ज्या तेलावर होता त्यातला मोठा भाग गेला.

रणगाड्यांनी झालं, मग कोर्टं आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये इराकच्या संघीय सर्वोच्च न्यायालयानं कुर्दिस्तानचा २००७ चा कायदाच घटनाबाह्य ठरवला. पुढच्या वर्षी पॅरिसचा निकाल.

या सगळ्यात भरडलं कोण गेलं? कुर्दिस्तानात सरकारी पगारावर जगणारी १२ लाखांच्या आसपास माणसं आहेत. कधी पगारकपात, कधी महिनोन्‌महिने पगारच नाही. सुलेमानियात शिक्षकांनी शाळांवर बहिष्कार टाकला. २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की बगदादनं हे पगार थेट द्यावेत. तरी मे २०२५ मध्ये केंद्रानं पुन्हा पैसे थांबवले, कारण काय तर कुर्दिस्ताननं आपला १२.६७ टक्क्यांचा हिस्सा आधीच उचललाय. आणि कुर्द नेते काही धुतल्या तांदळाचे नाहीत. एर्बिलमध्ये बारझानी घराणं, सुलेमानियात तालाबानी घराणं, आणि तेलाचा हिशोब सामान्य कुर्द माणसाला कधी नीट दिसलेला नाही.

बरं, ज्या बसराच्या जोरावर देश चालतो तिथं तरी मजा असेल? २०१८ च्या उन्हाळ्यात बसरात नळाचं पाणी इतकं खराब झालं की एक लाखाहून जास्त लोक दवाखान्यात पोचले. चिडलेल्या लोकांनी सरकारी इमारती आणि पक्षांची कार्यालयं जाळली.

मग हे आर्थिक सुधारणा का करत नाहीत? केल्या की! २०२० मध्ये कोरोनात तेलाचा भाव कोसळला आणि पगार द्यायलाही उधारी काढायची वेळ आली. अर्थमंत्री अली अल्लावी यांनी श्वेतपत्रिका काढली. पगारबिल आवरा, सवलती कमी करा, तेलावरचं अवलंबन घटवा, असं सगळं स्वच्छ लिहिलेलं. डिसेंबरमध्ये दिनार डॉलरमागं ११९० च्या आसपास होता तो १४५० वर नेला. आयात माल महागला, लोक वैतागले. पुढं युक्रेन युद्धामुळं तेलाचा भाव चढला, अल्लावींनी २०२२ मध्ये राजीनामा दिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दिनार परत १३०० वर आणला गेला. त्याच वर्षी इराकनं तोवरचं सगळ्यात मोठं बजेट मांडलं आणि सरकारी नोकऱ्या वाढवल्या. श्वेतपत्रिका कपाटात.

याचं कारण इराकच्या सत्तावाटपात आहे. तिथं याला ‘मुहासासा’ म्हणतात. निवडणूक झाली की शिया, सुन्नी, कुर्द पक्ष मंत्रालयं वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपल्या खात्यात आपली माणसं भरतो. आपल्याकडच्या खातेवाटपाची रस्सीखेच आठवा, फक्त त्यात पंथ आणि बंदुका मिसळा. सरकारी नोकरी हेच इथलं तेलाचं वाटप आहे. पगारबिल कमी करणं म्हणजे आपल्याच मतदाराच्या ताटातली भाकरी काढणं, ते कोण करणार? २०१९ मध्ये याच व्यवस्थेविरुद्ध बगदाद आणि दक्षिणेतली शिया तरुण पोरं रस्त्यावर आली, शेकडो मारली गेली, पंतप्रधानांना जावं लागलं. वाटणी मात्र चालूच राहिली.

माझं मत विचाराल तर कायदा अडलाय याचं एक कारण हेही आहे, की तो नसण्यात अनेकांची सोय आहे. कायदा आला की आकडे उघडे होतात. कायदा नसला की दर बजेटला नव्यानं सौदा करता येतो, आणि सौद्यात नेत्यांना भाव असतो. २०२२ मध्ये आलेल्या सुदानी सरकारनंही तेल कायद्याचं वचन दिलं होतं.

आपल्याला या भानगडीची झळ जाणवली नाही, कारण भारतात येणारं इराकी तेल प्रामुख्यानं बसराहून समुद्रमार्गे येतं, त्या उत्तरेच्या पाईपलाईनचा त्याच्याशी संबंध नाही. पण इराक आपल्यासाठी किरकोळ नाही. २०१७-१८ मध्ये सौदीला मागं टाकून तो आपला पहिल्या नंबरचा पुरवठादार झाला आणि रशियाचं स्वस्त तेल येईपर्यंत तिथंच होता.

२७ सप्टेंबर २०२५ ला जेहानची पाईपलाईन पुन्हा सुरू झाली ती अशा तडजोडीवर: कुर्दिस्ताननं रोज किमान २ लाख ३० हजार बॅरल तेल केंद्राच्या सोमो कंपनीला द्यायचं, ५० हजार बॅरल स्वतःसाठी ठेवायचं, आणि तेल काढणाऱ्या कंपन्यांना तूर्तास बॅरलमागं १६ डॉलर. हा कायदा नव्हता, तात्पुरता करार होता. आणि ज्या पाईपलाईनसाठी तो झाला, तिचा १९७३ पासूनचा मूळ करार तुर्कीनं २०२५ मध्ये संपवायचा ठरवला. त्याची शेवटची तारीख ठरली २७ जुलै २०२६.