‘बाळ नेहमीसारखं नाही’ हीसुद्धा नोंदच

जोसी किंग ही दीड वर्षाची मुलगी गरम पाण्याने भाजली म्हणून जानेवारी २००१मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल झाली. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातून ती सावरून बाहेर आली आणि घरी जाण्याची भाषा सुरू झाली. मग तिच्या आईच्या, सोरेल किंग यांच्या, लक्षात आले की पेला दिसला की पोर रडून पाणी मागते आहे. आंघोळ घालताना तर ती ओले फडके अधाशासारखी चोखत होती. पाणी देऊ नका, असे आईला सांगण्यात आले. रात्री जोसीचे डोळे फिरल्यासारखे वाटले, तेव्हा मुले असे करतात, नाडी-श्वास ठीक आहे, असे उत्तर मिळाले. पुढे, गुंगीची औषधे देऊ नयेत असे तोंडी ठरलेले असताना तिला मेथाडोन दिले गेले. आईने हरकत घेतली, तर आदेश बदलला आहे असे सांगितले गेले. २२ फेब्रुवारीला जोसी गेली. अंगातले पाणी आटत चालल्याची सर्वांत ठळक खूण त्या ओल्या फडक्यात होती. पण ती ज्या आईला दिसली ती रुग्णालयाच्या लेखी नुसती ‘नातेवाईक’ होती, आणि नातेवाइकाच्या बोलण्याला वजन नव्हते.

वीस वर्षांनी लंडनमध्ये तेच घडले. तेरा वर्षांची मार्था मिल्स सायकलवरून पडली, हँडलबार पोटात लागून स्वादुपिंडाला इजा झाली आणि किंग्ज कॉलेज रुग्णालयात तिला जंतुसंसर्ग झाला. संसर्ग रक्तात पसरेल ही भीती तिची आई बोलून दाखवत होती. मुलीला अतिदक्षता विभागात वेळेवर हलवले गेले नाही आणि ऑगस्ट २०२१च्या अखेरीस ती दगावली. वेळेत हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढच्या वर्षी मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी काढला. दोन्ही रुग्णालये नावाजलेली, दोन्हीकडे तज्ज्ञांची वाण नव्हती. उणीव एकच होती: खाटेशेजारी बसलेल्या माणसाला जे दिसते, ते उपचार ठरवणाऱ्यापर्यंत पोचवण्याची पक्की वाट नव्हती. आई-बापाची काळजी म्हणजे समजूत काढून गप्प करायची भावना, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की, ती तापाच्या आकड्यासारखीच तपासून पाहायची नोंद आहे, आणि ती नोंदवून घेणे हा रुग्णालयाने दाखवायचा मोठेपणा नसून उपचाराचाच भाग आहे.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. आजारी मूल बराच वेळ तग धरते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब सावरलेला राहतो. तो घसरतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. मधल्या काळात मॉनिटर फारसा बोलत नाही, मूल बोलते. सकाळी दूध ओढणारे बाळ तोंड लावत नाही, रडण्याचा आवाज चिरका होतो, हाक मारली तरी नजर वळत नाही. डॉक्टरांना ते मूल राउंडच्या वेळी काही मिनिटे दिसते, सिस्टरची पाळी बदलते. या मुलाचे ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसे घरचीच. मेलबर्नच्या मोनॅश बाल रुग्णालयात पालकांना ठरवून विचारले गेले, की मुलाची तब्येत बिघडते आहे अशी काळजी वाटते का. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पालकांच्या ‘हो’चा अतिदक्षता विभागाची गरज लागण्याशी असलेला संबंध हृदयगती, श्वसनगती किंवा रक्तदाब यांतल्या बिघाडापेक्षाही घट्ट निघाला.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. एका सिस्टरकडे इतकी बाळे, त्यात प्रत्येकाच्या आईचे ऐकत बसायचे कधी? आक्षेप खोटा नाही, पण त्याचे उत्तर मोजून मिळालेले आहे. उत्तर अमेरिकेतील सात रुग्णालयांच्या बालविभागांत राउंडची पद्धत बदलली गेली: चर्चा पालकांसमोर, साध्या भाषेत, आधी त्यांना काय वाटते ते विचारायचे आणि शेवटी काय ठरले ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचे. २०१८मध्ये निष्कर्ष आले. एकूण चुकांचे प्रमाण फारसे हलले नाही, पण मुलांना प्रत्यक्ष इजा करणाऱ्या चुका सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या आणि राउंडचा वेळ वाढला नाही.

दुसरा आक्षेप असा, की घाबरलेले पालक उठसूट हाका मारतील. इंग्लंडमध्ये २०२४पासून ‘मार्थाज रूल’ टप्प्याटप्प्याने लागू झाला. रुग्णाला किंवा घरच्यांना प्रकृती ढासळते आहे असे वाटले आणि वॉर्डात ऐकले गेले नाही, तर दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी थेट मागता येते. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रुग्ण, नातेवाईक व कर्मचारी यांच्याकडून ५७३ हाका आल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या, २८६, प्रकृती ढासळण्याबाबतच्या निघाल्या. ५७ वेळा उपचारात महत्त्वाचा बदल झाला आणि १४ रुग्णांना तातडीने अतिदक्षता विभागात हलवावे लागले. म्हणजे कित्येक हाका वाया गेल्या हे खरेच. पण अग्निशमन दलाचा नंबर लोक उगाच फिरवतात म्हणून तो बंद करावा, असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे खरा अडसर तिसऱ्या आक्षेपाचा आहे: आई-बाप आत आले की जंतू येतात. नवजात बालकांच्या कक्षाबाहेर बाकावर बसलेली, दूध काढून वाटी आत पाठवणारी आई हे आपले नेहमीचे दृश्य. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाने या दृश्यालाच प्रश्न विचारला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवायचे, आणि त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच लावायची. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि जंतुसंसर्गाचा संशयही कमी बाळांत आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०१७मध्ये पालकांना हात धुणे, गाऊन घालणे, बाळ हाताळणे शिकवून नवजात कक्षात सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. धोका न धुतलेल्या हातांचा आहे. ते हात आईचे आहेत म्हणून तो वाढत नाही.

शेवटचा आक्षेप डॉक्टर खासगीत बोलतात आणि तो सर्वांत गंभीर आहे: इथे नातेवाईक प्रश्न विचारून थांबत नाहीत, हात उगारतात. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१०मध्ये वेगळा कायदा करावा लागला. हल्ल्याचे समर्थन कशानेच होत नाही. पण दाराआड काय चालले आहे ते न कळता तासन् तास बसलेली माणसे आणि एकदम कानावर आलेली वाईट बातमी, यातून विश्वास कसा उरणार? रोज आत घेतलेल्या, रोज समजावून सांगितलेल्या बापाला डॉक्टरांची धडपडही दिसते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८च्या रुग्ण हक्क सनदेत माहितीचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांतही २०२१पासून सनद आली. मात्र सनदेच्या आधारे केलेली तक्रार ही घडून गेल्यानंतर उपयोगी पडते. रात्री दोन वाजता बाळ निपचित पडले, तर कोणाला फोन करायचा, याचे उत्तर भिंतीवरच्या सनदेत सापडत नाही.

ते उत्तर प्रत्येक बाल अतिदक्षता विभागाच्या दारावर एका नंबरच्या रूपात लागायला हवे, आणि निरीक्षणाच्या तक्त्यात ‘पालकांना काय वाटते’ असा एक रकाना हवा. पालकांनीही आपले काम ओळखावे. कोणते औषध द्यायचे हे ठरवणे आपले काम नाही. काय दिसते ते नेमके सांगणे आहे. ‘बरं वाटत नाहीये’ऐवजी ‘सकाळपासून लंगोट कोरडा आहे, दुपारपासून दूध घेतलं नाही’ असे सांगावे. घरातल्या एकानेच बोलावे, वेळेसह वहीत लिहावे. मुलांचे बहुतेक डोस किलोमागे ठरतात, म्हणून आजचे वजन त्या वहीत असावे. डॉक्टरांनी सांगितलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. आणि एवढे करूनही मन ग्वाही देत नसेल, तर आवाज न चढवता, पण न संकोचता म्हणावे: ‘सिस्टर, मोठ्या डॉक्टरांना बोलवा. बाळ नेहमीसारखं नाही.’