विजेच्या तारेवरचा निरोप

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली वर्ग घेण्याचा अनुभव अनेक शिक्षकांना असेल. सर कोसळली की आवाज चढवावाच लागतो. मागच्या बाकावरच्या मुलाने श्रवणयंत्र लावून भागत नाही, कारण त्यातून शिक्षकांच्या आवाजाबरोबर पावसाचा आवाजही वाढतो. विजेच्या तारांतून माहिती पाठवताना हीच अडचण येते.

उच्च दाबाच्या वाहिनीतून ५० हर्ट्झ वारंवारतेची वीज वाहते. त्याच तारेवरून दोन उपकेंद्रे साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्झच्या तरंगांनी एकमेकांना निरोप पाठवतात. मग वीज आणि निरोप वेगळे कसे राहतात? ते काम धारित्र करते. त्याचा विरोध वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४४०० पिकोफॅरडचे धारित्र ५० हर्ट्झच्या विजेला सुमारे ७ लाख २० हजार ओहम विरोध करते, तर १०० किलोहर्ट्झच्या निरोपाला फक्त ३६० ओहम. हा उरलेला विरोधही जुळवलेल्या गुंडाळीने घालवता येतो. वाहिनीच्या टोकाला असलेली दुसरी, जाड तारेची गुंडाळी उलट वागते. ती वीज जाऊ देते आणि निरोपाला उपकेंद्रात भरकटू देत नाही.

आता शक्तिवर्धकाचे काम पाहू. उच्च दाबामुळे तारेभोवतीच्या हवेत सतत सूक्ष्म विसर्ग होतात. त्यातून विद्युत गोंगाट निर्माण होतो. अंतराबरोबर निरोप क्षीण होतो, पण गोंगाट पलीकडच्या टोकालाही असतोच. तिथे वर्धन केले, तर दोन्ही सारखेच वाढतात. म्हणून निरोपाला निघतानाच काही वॅटपासून काही दशक वॅटपर्यंत शक्ती देतात.

वाहिनीवर झाड पडले, तर पलीकडचा खटका ताबडतोब उघडण्याचा निरोप सेकंदाच्या काही शतांशात पोचावा लागतो. नेमका त्याच क्षणी गोंगाटही वाढलेला असतो. अशा वेळी अनेक यंत्रणा तारेवरचे संभाषण क्षणभर थांबवून वर्धकाची सारी शक्ती त्या एका निरोपाला देतात.

मग शक्ती हवी तेवढी का वाढवू नये? कारण लांब तार अँटेनासारखीही वागते आणि जवळपासच्या रेडिओत खरखर होते. आज अनेक वाहिन्यांवर प्रकाशतंतू आले आहेत, तरीही ही पद्धत वापरात आहे.

धारित्राचे वरचे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. घरातल्या विजेवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये.