कोकणातलं घर आणि रिकामा मंगळवार

मे महिन्यात दापोली, गुहागर, दिवेआगर या पट्ट्यात खोली मिळवायला लोक ओळखी काढतात. त्याच घरांच्या पडव्या जुलैतल्या एखाद्या मंगळवारी ओस असतात. झोपाळ्यावर मालक आणि पायाशी मांजर. आगरात दोन-चार खोल्या बांधून बसलेल्या माणसाला मग सल्ले मिळू लागतात: एसी बसव, दर पाड, रील टाक. गुहागरजवळच्या माझ्या आत्याच्या घरी आम्ही यातलं बहुतेक सगळं करून पाहिलं. फोनवर मी आणि चुलीवर आत्या अशी आमची वाटणी. त्यातून काही समजुती गळून पडल्या, त्या इथे मांडतो.

‘घर चांगलं असलं की लोक आपोआप येतात’

घर चांगलं आहे हे येणाऱ्याला कळणार कसं? तो पुण्यात बसून मोबाइलवर पाहतोय. एअरबीएनबीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट प्रसिद्ध आहे. 2009 मध्ये न्यूयॉर्कमधली घरं उठत नव्हती, तेव्हा ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे संस्थापक स्वतः तिथे गेले आणि दारोदार फिरून त्यांनी घरांचे नीट फोटो काढले. घरं तीच होती, पण कमाई वाढली.

आमच्याकडे मात्र फोटो म्हणजे सूर्यास्त. तो सूर्यास्त पलीकडच्या सगळ्या घरांनाही तसाच दिसतो. पाहुण्याला पाहायचं असतं ते वेगळंच, आणि ते त्याच्या फोनवरच्या प्रश्नांवरून कळतं. मी वर्षभर हे प्रश्न वहीत टिपले. ‘समुद्र किती लांब?’ हा प्रश्न वरचा असेल असं वाटलं होतं. त्याला गाठलं ते ‘कमोड आहे ना?’ या प्रश्नाने. बरोबर गुडघे दुखणारी आई असते. मग येतं: गाडी दारापर्यंत येते की पाखाडी उतरावी लागते? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? ड्रायव्हरची झोपायची सोय काय? शेजारी दुसरं कुटुंब असेल तर बाथरूम वेगळं आहे ना?

आम्ही सूर्यास्त मागे ढकलला आणि पुढे लावले बाथरूमचा, गाडी लावायच्या जागेचा आणि रात्री दिवे लागलेल्या अंगणाचा फोटो. कोणी म्हणेल, यात कसली हौस? हौस नाहीच. पण चौकशीचे फोन कमी झाले आणि आलेल्यातले पक्के होण्याचं प्रमाण वाढलं.

‘दर पाडला की खोली भरते’

हा सगळ्यांत महाग गैरसमज. खोलीचा दर 3,000 रुपये धरा. चादरी धुणं, वीज, पाणी, साफसफाईच्या बाईंची मजुरी असा एका रात्रीचा खर्च 700 धरला, तर हाती 2,300 उरतात. दर तीस टक्के पाडून 2,100 केला, तर खर्च तोच राहतो आणि उरतात 1,400. म्हणजे आधीच्या दहा रात्रींची मिळकत राखायला आता सतरा रात्री भरल्या पाहिजेत. सवलत जाहीर करताना हे गणित कोणी करत नाही. आम्हीही केलं नव्हतं.

शिवाय जुलैतल्या मंगळवारी माणूस येत नाही तो दरामुळे नव्हे. मुलांची शाळा असते, त्याचं ऑफिस असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या मासळीची ओढ नाही. पाण्यातले खेळ पावसाळ्यात थांबलेले. नऊशे रुपये कमी केले म्हणून यातलं काय बदलणार?

बदलतं ते येण्याचं कारण दिल्यावर. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. तिथे ना मोठं हॉटेल, ना झगमगाट. पण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सोडतात, ती पाहायला लोक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, भुईवर गादी टाकून झोपतात आणि खूश होऊन जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे आधी कासवं राखली, पर्यटन नंतर आलं.

प्रत्येक गावाला कासव लाभेलच असं नाही. पण आत्याकडे जुलैत भाताची लावणी असते. निवृत्त माणसांना आठवड्याच्या मधल्या वारी मोकळीक असते आणि गर्दी नकोशी असते. ‘सोमवार ते गुरुवार, लावणी पाहा, घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खा’ एवढंच आम्ही लिहिलं. दर तोच ठेवला. पहिल्या पावसाळ्यात तीन जोडपी आली. आकडा लहान आहे, मान्य. त्याआधी शून्य होता.

याला जोडूनच एक चूक: ‘किमान दोन रात्री’ ही अट. मेच्या गर्दीत ती योग्यच. पण शुक्रवार-शनिवार भरलेले आणि सोमवारपासून पुढे भरलेलं, अशा वेळी मधली रविवारची एकटी रात्र कोणालाच घेता येत नाही. तेवढ्यापुरती अट काढायला एक मिनिट लागतं.

‘ऑनलाइन कंपन्या कमिशन लुटतात’

बुकिंगच्या मोठ्या संकेतस्थळांचं कमिशन साधारण 15 टक्क्यांच्या आसपास असतं. 3,000 वर 450 गेले की आत्याचा चेहरा पडतो. पण तिला कधी न पाहिलेला नागपूरचा माणूस तिच्या ओटीवर आणून बसवण्याची ती किंमत आहे. त्या माणसाच्या दुसऱ्या खेपेवर मात्र कमिशन जायलाच हवं असं नाही. तो निघताना त्याचा नंबर घ्यायचा आणि पुढच्या वर्षी आंबा लागला की एक फोटो पाठवायचा. बुकिंग होण्याआधीच ‘बाहेरून या, स्वस्त देतो’ असं संकेतस्थळावर सांगणं मात्र नियमात बसत नाही, आणि पकडलं गेलं तर घर यादीतूनच उडतं.

जीएसटीच्या भीतीने काही जण ऑनलाइन जातच नाहीत. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी केलेली नसेल, तर संकेतस्थळावरून झालेल्या निवासाच्या बुकिंगवरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी संकेतस्थळाची असते. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा कर 5 टक्के आहे. परदेशी पाहुणा उतरला तर मात्र 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवणं मालकाचं काम, ते कोणावर ढकलता येत नाही. राहता राहिली पर्यटन संचालनालयाची ‘निवास व न्याहारी’ नोंदणी. ती जरूर करावी, पण प्रमाणपत्र भिंतीवर लावलं की सरकार पाहुणे धाडील, अशी आशा धरू नये.

‘एक वाईट शेरा, की धंदा बसला’

एका पाहुण्याने लिहिलं, ‘पहाटे चारला कोंबडा ओरडतो, झोप झाली नाही.’ आत्या दोन दिवस जेवली नाही. कोंबड्याचं काय करायचं यावर घरात जी चर्चा झाली, ती इथे सांगण्यासारखी नाही. शेवटी आम्ही उत्तर लिहिलं: ‘खरं आहे, क्षमस्व. मागच्या खोलीत आवाज कमी येतो, पुढच्या वेळी ती देऊ.’ आणि घराच्या माहितीतच टाकलं की इथे पहाटे कोंबडा आरवतो. तेव्हापासून तक्रार नाही. उलट मुंबईच्या मुलांचा पहिला प्रश्न ‘कोंबडा कुठाय?’ असा असतो.

खरी इजा होते ती मालकाने बुकिंग मोडल्यावर. एअरबीएनबीच्या ‘सुपरहोस्ट’ बिल्ल्यासाठी सरासरी 4.8 गुण लागतात, म्हणजे अधूनमधून कमी गुण पडले तरी चालतात. पण बुकिंग रद्द करण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत हवं आणि विचारणांपैकी 90 टक्क्यांना 24 तासांत उत्तर गेलेलं हवं. गणपतीत आपलाच सगळा गोतावळा येणार हे कोकणात कोणाला ठाऊक नसतं? तरी ऑनलाइन कॅलेंडर उघडं राहतं, कोणीतरी खोली घेतं आणि मग आपणच नाही म्हणतो. आता आत्या नवं पंचांग घरात आलं की पहिल्यांदा गणपतीचे दिवस बंद करून घेते, मग शिमग्याचे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तोवर बाकीच्या तारखा खुल्या असल्या म्हणजे झालं. तिकीट मिळाल्याबरोबर लोक खोली शोधतात.

उत्तर देण्याचं म्हणाल, तर आगरात रेंज नाही. म्हणून व्हॉट्सअॅपवर आपोआप जाणारा निरोप लावलाय: ‘दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर फोन उचलते.’ खाली रस्ता सांगितलाय: दापोलीकडून येत असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची वेळ विचारून निघा, चुकली तर खेड-चिपळूणवरून मोठा वळसा पडेल. हे वाचून एकाने विचारलं, ‘वळसा पडला आणि रात्रीचे अकरा वाजले, तर जेवण मिळेल का?’

आत्याने कळवलं, ‘पिठलं-भात मिळेल.’ तो माणूस गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा येऊन गेला.